चाळीस, वीस आणि रीफर

७ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास यार्डातली काळी कुत्री ट्रेलरखाली गेली. ट्रेलर उभा होता तेव्हा ती मागच्या चाकांच्या सावलीत झोपली होती. ड्रायव्हर बाहेरगावचा. त्याने गाडी सुरू केली आणि सरळ पुढे घेतली. ती ओरडलीसुद्धा नाही.

मी वीस पावलांवर कंटेनरवर नंबर टाकत होतो. जासईच्या आमच्या यार्डात रिकामे कंटेनर दुरुस्तीला येतात. चेपलेला पत्रा ठोकतात, सडलेला कापून नवा लावतात, वरून रंग मारतात. रंगाखाली गेलेला नंबर पुन्हा लिहिणे हे माझे काम. चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटचा एक आकडा चौकटीत. एक चूक झाली तर कंटेनर भलत्याच बंदरावर जाऊन बसेल, म्हणून मी प्रत्येक नंबर तीनदा वाचतो, त्यात एकदा उलटा. आज पाच वेळा वाचला.

जेवणाच्या सुट्टीत काळीचे चित्र काढायला बसलो. पुढचा एक पाय पांढरा होता. डावा की उजवा ते आठवेना. दोन वर्षे रोज बघत होतो. चित्र अर्धे ठेवले.

८ एप्रिल, बुधवार

यार्डातल्या उरलेल्या तीन कुत्र्यांची चित्रे काढून ठेवायची असे ठरवले, म्हणजे पुन्हा असे व्हायला नको.

त्यांची नावे ड्रायव्हर लोकांनी ठेवली आहेत. चाळीस ही तपकिरी कुत्री, लांबलचक, चाळीस फुटी कंटेनरसारखी. वीस हा बुटका. तिसरा रीफर. थंड मालाच्या कंटेनरला रीफर म्हणतात, त्याच्या मशीनमधून गार पाणी ठिबकते, तिथेच हा पडलेला असतो.

कागद सर्व्हेचाच घेतला. कंटेनर आत आला की सर्व्हेयर एक फॉर्म भरतो, त्यावर कंटेनरच्या सहाही बाजू छापलेल्या असतात आणि कुठे काय चेपले, कुठे गंज आहे ते खुणा करून लिहायचे असते. मी तसेच केले. चाळीसची डावी बाजू, उजवी बाजू, वरची, पुढची, मागची. 'डावा कान फाटलेला, जुना. उजव्या कुशीवर ओरखडा, बरा झालेला. शेपटी ठीक.' सहावी बाजू म्हणजे पोट, ते तिने बघू दिले नाही. रीफरने न सांगता दाखवले.

गेटवर पास बनवणाऱ्या जागृतीने ते पाहिले. ती बोनकोड्याहून रोज बसने येते आणि सगळ्यांच्या आधी पोचते.

"हे खिडकीत लावू या. ड्रायव्हर पाससाठी उभे असतात, वाचतील."

"साहेब ओरडतील."

"साहेबांना मी बघते. तू काय टेन्शन घ्यायला जन्माला आलायस का रे?"

तिने आतून टेप लावून तीनही कागद काचेवर चिकटवले. एक जरा तिरका लागला होता. ती जेवायला गेल्यावर मी तो सरळ केला.

१४ एप्रिल, मंगळवार

कागद वाचतात. मला वाटले नव्हते.

उरणचे रज्जाकचाचा तीस वर्षे ट्रेलर चालवतात. त्यांनी पासच्या खिडकीपासून आवाज दिला, "ए पेंटर! चाळीसचा डावा कान फाटका लिवलास. उजवा हाय!"

मी ब्रश ठेवून बघायला गेलो. डावाच होता. परत येऊन सांगितले तर म्हणाले, "मी रोज बघतो तिला, मला शिकवतोस?" मग स्वतः गेले. बराच वेळ आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "डावाच हाय. मी तिच्या समोर उभा राहून बगत होतो." तेव्हापासून ते डब्यातल्या पावाचा तुकडा तिच्यासाठी ठेवतात. डाव्या बाजूने देतात.

जागृतीने ती चित्रे मोबाइलवर स्टेटसला टाकली. तिच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी विचारले कोणी काढली. तिने मला विचारले, "माझं काढशील? सहा बाजूंनी नको, एकाच बाजूने." मी खरे ते सांगितले, मला माणसांचे चेहरे जमत नाहीत. त्यानंतर ती दिवसभर फारशी बोलली नाही. गेटच्या केबिनमध्ये उकाडा खूप आहे.

आणखी एक. आमचे यार्डाचे साहेब, हरेशसाहेब, त्यांच्या टेबलावर रोज ग्लुकोज बिस्किटांचा पुडा असतो आणि संध्याकाळपर्यंत संपलेला असतो. साहेबांना साखर आहे असे सगळे म्हणतात. त्यांना कोणी सांगायला हवे. मी सांगू शकणार नाही.

१८ एप्रिल, शनिवार

साहेबांनी बोलावले. मला वाटले कुठलातरी नंबर चुकला. पायऱ्या चढताना आठवड्यातले सगळे नंबर मनात म्हणून पाहिले.

साहेब म्हणाले, "सोळा मेला ऑडिट आहे. यार्डात कुत्री दिसली की ते लोक लिहितात. मागच्या आठवड्यात एक मेलं, तेही त्यांना कळलंय. पंधराला गाडीवाला येणार, तिघांना उचलून लांब सोडणार."

"लांब म्हणजे कुठे, साहेब?"

"मला काय माहीत? लांब."

मी उभाच राहिलो. साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ते कागद तुझेच ना? हे बघ, पंधरापर्यंत एकही कुत्रं चाकाखाली आलं नाही, तर बघू. नक्की नाही सांगत. बघू म्हणालो."

"मी अजून चित्रं काढू का?"

"काढ. पण नंबर आधी."

सत्तावीस दिवस आहेत.

२२ एप्रिल, बुधवार

कागद गेटवर वाचतात आणि गाडीत चढेपर्यंत विसरतात. चित्र जिथे कुत्रे झोपते तिथेच पाहिजे. ट्रेलर उभे करायच्या बारा जागा आहेत, खाली काँक्रीट आहे. प्रत्येक जागेवर मागच्या चाकाजवळ झोपलेले कुत्रे रंगवायचे, खऱ्या मापाचे. ड्रायव्हरने आरशात बघितले की ते दिसलेच पाहिजे.

कंटेनरचा उरलेला तपकिरी, राखाडी आणि थोडा काळा रंग घेतला. रोज काम संपल्यावर दोन-तीन. केस, बरगड्या, मुडपलेला पाय, सगळे नीट काढतो. मला वाटते आजवर इतके चांगले मी काही काढले नाही.

आईने कपड्यांवरचा रंग पाहून विचारले. सांगितले.

"कुत्री रंगवतंस? कंपनीच्या फरशीवर?" आई म्हणाली. "आनि पगार कोन देतंय, कुत्री?" पण मग तिने चाळीस कशी झोपते ते विचारले. मी जमिनीवर पडून दाखवले. आई इतकी हसली की तिला पदर तोंडावर धरावा लागला.

२६ एप्रिल, रविवार

बारा पूर्ण झाली. चार नंबरच्या जागेवर चाळीस आहे. ती आली, आपल्याच चित्राचा वास घेतला, दोन गिरक्या मारल्या आणि त्याच्यावरच झोपली. पाय मुडपून, अगदी तशीच. चित्र पूर्ण झाकले गेले. सगळे ड्रायव्हर जमले, मोबाइलवर फोटो काढले. कोणीतरी म्हणाले, "आता खरी कुठली ते शेपटी हलली की कळणार!"

मला फार आनंद झाला. एवढा आनंद बरा नव्हे असेही वाटले.

२९ एप्रिल, बुधवार

पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक ड्रायव्हर खाली उतरून बघत होता. एकाने तर चित्राला हाड हाड केले. आता कोणी उतरत नाही, आरशात बघतात आणि गाडी काढतात. जागृती म्हणाली, "बघितलंस का, आता कुणी खाली उतरत नाही रे."

मी म्हणालो, सवय लागली की आठवण करून द्यावी लागत नाही. हे वाक्य मला तेव्हा चांगले वाटले. ती काहीतरी बोलणार होती, पण गाडी आली.

सोळा दिवस राहिले.

४ मे, सोमवार

चाळीस जिवंत आहे. हे आधी लिहितो.

अकराच्या सुमारास. चार नंबरची जागा. ट्रेलर रज्जाकचाचांचा. ती तिच्या चित्रावर झोपली होती. चाचांनी आरशात पाहिले, गिअर टाकला, गाडी हातभर पुढे गेली, आणि मग आवाज आला. मागचा डावा पाय.

चाचा खाली उडी मारून आले आणि ओरडले, "मला वाटलं तुझं चित्र हाय! रोज तिथंच बगतो ना मी ते! मला वाटलं चित्र हाय!"

जवळपास मी आणि जागृतीच होतो. चाचांनी आपला टॉवेल काढला, तिला गुंडाळली. ती चावली त्यांना, तरी सोडली नाही. मागचा ट्रेलर सोडवून पुढच्या नुसत्या इंजिन-केबिनमधून तिला पनवेलला डॉक्टरकडे नेले. जागृती मांडीवर घेऊन बसली. पाय कापावा लागला. दहा दिवस तिथेच ठेवणार आहेत. पनवेलहून परतल्यावर चाचांनी नळावर हातपाय धुतले, केबिनमधले दुसरे कपडे घातले आणि नमाजाला गेले. आल्यावर डोळे लाल होते.

मग साहेब आले. माझ्या समोर विचारले, "दिसली नाही का?"

चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिले. म्हणाले, "ऊन डोळ्यावर आलं, साहेब. माझी चूक."

साहेबांनी त्यांना यार्डात यायला बंदी घातली. किती दिवस ते सांगितले नाही.

मी चार नंबरच्या जागेजवळ रोज याच वेळेला काम करतो. अकरा वाजता तिथे ऊन पाठीमागून येते. चाचांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते खोटे का बोलले मला कळत नाही. मी तिथे उभा होतो आणि काही बोललो नाही. एकही शब्द नाही.

५ मे, मंगळवार

आज दोन नंबर चुकले. दोन्ही वेळेला मीच पकडले.

खरे सांगितले तर साहेब चित्रे पुसायला लावतील, मला काढतीलही, आणि गाडीवाला नक्की येईल. 'एकही नाही' ही अट तशीही मोडली आहे, पण साहेबांनी अजून गाडीवाल्याचे नाव काढलेले नाही. दोष माणसाचा ठरला तर कुत्री राहतील असे वाटते. दोष चित्राचा ठरला तर सगळा दोष माझाच. आणि न सांगितले तर चाचा बाहेर.

वीस सारखा चार नंबरवर जाऊन वास घेतो.

जेवताना आईला सांगितले. वाटले ती म्हणेल गप्प बस, नोकरी सांभाळ. तिने भाकरी तव्यावरून काढली, माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "त्या मानसाने तुजं नाव घेतलं नाय. आता तू त्याचं राख."

६ मे, बुधवार

बोलता येणार नाही हे माहीत होते, म्हणून सर्व्हेचा फॉर्म भरला. जागा: चार नंबर. नुकसान: चाळीस, मागचा डावा पाय. कारण या रकान्यात लिहिले: 'मी कुत्रे खऱ्यासारखे काढले. रोज बघून ड्रायव्हरला त्याची सवय झाली. खरे कुत्रे तिथे झोपले तेव्हा तेही चित्र वाटले. रज्जाकचाचांची चूक नाही. ऊन पाठीमागून होते.' खाली सही आणि तारीख. चार वेळा वाचले.

साहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचला. "बस," म्हणाले. मी त्यांच्या खोलीत पहिल्यांदाच बसलो.

"नोकरी जाईल असं वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

"आई म्हणाली."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. खाली रीफर बसला होता, खिडकीकडेच बघत. तो रोज या वेळेला तिथे असतो, बहुतेक सावली असेल. साहेब म्हणाले, "बाराही चित्रं आज बुजव. रज्जाकला मी फोन करतो." मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "गाडीवाल्याला मी अजून नको म्हणालेलो नाही. ऐकलंस ना?"

ऐकले. राखाडी रंगाचे दोन हात दिले. चाळीसचे शेवटी बुजवले. जागृती पाण्याची बाटली घेऊन आली आणि शेजारी बसून राहिली. तिची बस चुकली असणार.

९ मे, शनिवार

चाचा आले. मी त्यांच्या गाडीपाशी गेलो. काय म्हणायचे ते पाठ करून गेलो होतो, तेच विसरलो.

"तुम्ही खोटं का बोललात, चाचा?"

"तुझे हात बघितले होते मी. ब्रश खाली पडलेला, तुला पत्ता नव्हता." मग म्हणाले, "आणि गाडी कुणाची होती? माझी. चित्र काय गिअर टाकतं? मी उतरलो नाय. उतरायला पायजे होतं."

त्यांनी केबिनमधून लोखंडी रॉड काढला. "आमचा उस्ताद गाडीवर चढू द्यायचा नाय फेरी मारल्याशिवाय. एकेक टायर ठोकायचा. आवाज टणक आला म्हणजे हवा बरोबर, दबका आला म्हणजे कमी. आणि वाकून खाली बगायचं. पोरं आता चावी फिरवतात आणि निघतात. आता मी पण तसलाच झालो."

मग त्यांनी फेरी मारली. टण, टण, टण. पहिल्याच ठोक्याला वीस गाडीखालून निघून चालता झाला. मागच्या चाकाशी येऊन चाचा वाकले, एक हात गुडघ्यावर, एक टायरवर, मान तिरकी करून आत बघत राहिले. जितका वेळ बघायला हवे त्यापेक्षा जास्त वेळ.

मी खिशातल्या कागदावर पेन्सिलीने ते काढले. विचार केला नाही, पाच-सहा रेघा. जागृती मागे उभी होती.

"तू तर म्हणालेलास, माणसं जमत नाहीत."

"चेहरा दिसत नाहीये यात," मी म्हणालो.

"हो ना. नाहीच दिसत तुला," ती म्हणाली, आणि कागद माझ्या हातातून घेऊन सरळ साहेबांकडे गेली.

११ मे, सोमवार

साहेबांनी गेटच्या भिंतीवर ते काढायला सांगितले, सात फूट उंच. आणि नियम केला. प्रत्येक ड्रायव्हरने फेरी मारायची, टायर ठोकायचे, वाकून बघायचे. जागृती खिडकीतून बघणार, मगच बाहेरचा पास. यामुळे एखादी गाडी ठरल्या वेळेपेक्षा दहा मिनिटांहून जास्त उशिरा निघाली तर रजिस्टरात कारण लिहायचे आणि खाली साहेबांची सही.

आज चाचा दोन तास वाकून उभे राहिले. येणारे-जाणारे ओरडत होते, "चाचा, हिरो झाले!" "चाचा, काय हरवलं?" चाचा वाकल्या वाकल्या म्हणत होते, "तुझी अक्कल! सापडली तर सांगतो!" मला म्हणाले, "पोट जरा कमी काढ, पेंटर. घरी फोटो दाखवायचाय."

या वेळी खऱ्यासारखे काढले नाही. एकच निळा रंग, जाड रेघ, आत काही भरले नाही. लांबूनही चित्रच वाटते. कुत्रे काढले नाही. गाडीखाली जागा मोकळी सोडली आहे. बघणाऱ्याने तिथे बघावे.

पोट जसे आहे तसेच काढले. चाचांनी बघून मान हलवली. म्हणाले, "बेइमानी नाय केलीस."

१४ मे, गुरुवार

चाळीस परत आली. चाचांनीच आणली. तीन पायांवर उतरली, एकदा पडली, उठली, यार्डभर हिंडून आली. तिचा खिडकीतला कागद बदलायला हवा होता. मागचा डावा पाय ज्या ठिकाणी होता तिथे मी काहीच लिहू शकलो नाही. शेवटी जागृतीने माझ्याकडून पेन घेतले आणि लिहिले, 'चालते.'

उद्या पंधरा. साहेब गाडीवाल्याबद्दल काहीच बोललेले नाहीत. विचारायला दोनदा जिन्यापर्यंत गेलो. साहेबांच्या टेबलावर आज दोन पुडे होते.

१५ मे, शुक्रवार

गाडीवाला सव्वादहाला आला. टेम्पो, मागे जाळी, आत लोखंडी फास लावलेली काठी. गेटमधून आत येणार तोच समोर बाहेर जाणारा चाचांचा ट्रेलर उभा. रस्ता एकच आहे.

चाचांचा पास दहा वाजताचा होता. त्यांनी फेरी सुरू केली होती. टायर ठोकले. मागच्या चाकाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

मी धावत गेलो. गाडीखाली चाळीस झोपली होती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिला गाढ झोप लागते. कापलेल्या बाजूवर भार येऊ नये म्हणून उजव्या कुशीवर होती, पोट वर-खाली होत होते.

"ठोकलं तरी उठली नाय," चाचा हळू आवाजात म्हणाले. "ओढायला नको. टाके हायेत."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. चाचा सरळ झाले आणि त्याच्याकडे रॉड दाखवत म्हणाले, "ए! हॉर्न नको. दचकून चाकात जाईल." मागे आणखी तीन ट्रेलर लागले. मला वाटले आता कोणीतरी शिव्या घालणार. पहिल्या ट्रेलरचा ड्रायव्हर परप्रांतातला होता, त्याला मराठी येत नसावे. तो उतरला, भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले, येऊन वाकून पाहिले आणि परत जाऊन त्याने आपले इंजिन बंद केले. मग बाकीच्या दोघांनीही केले. यार्डात इतके शांत मी कधी ऐकले नव्हते.

साहेब खाली आले. "काय लाइन लागलीये?"

चाचा बाजूला झाले. साहेबांनी पँट गुडघ्यावर थोडी वर ओढली, एक हात टायरवर ठेवला आणि वाकले. त्यांना वाकायला त्रास होतो. तसेच राहिले.

टेम्पोवाला काठी घेऊन आला. "साहेब, हीच का? झोपलीये तर सोपं आहे."

साहेबांनी वर न बघता हात मागे करून त्याला थांबवले. मग सरळ झाले, हात झटकले. "तू जा. तुझं काम नाही."

"पण साहेब, फोनवर तर—"

"जा म्हटलं ना. चहा घे आणि जा."

टेम्पो मागे घेऊन तो गेला. आम्ही उभे राहिलो. बऱ्याच वेळाने चाळीसने डोळे उघडले, सगळ्यांना असे समोर बघून जांभई दिली, उठायचा प्रयत्न केला, दुसऱ्या वेळी उठली आणि गाडीखालून निघून रीफरच्या थंड जागेकडे गेली. चाचा गाडीत चढले. खिडकीत पासवर वेळ टाकताना जागृतीने घड्याळ पाहिले.

"एकोणचाळीस मिनिटं लेट. साहेब, रजिस्टरात कारण काय लिहू? उद्या ऑडिटवाले वाचतील."

"जे आहे ते लिही," साहेब म्हणाले.

तिने लिहिले, 'चाळीस झोपली होती.' साहेबांनी वाचले आणि खाली सही केली.